स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा, मामा

रविवारी सकाळी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतनं मामांचा फोन. "तुझ्याकडं इन्सुलेशन टेप हाय काय रं? स्क्रू ड्रायव्हरला गुंडाळायचीय." कशाला, तर हॅम मंडळींत, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांत, फिरणारा एक मेसेज. विषय लिनिअर, म्हणजे रेडिओचा सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर. 'व्हॉल्व्हचा जुना लिनिअर दुरुस्त करणं म्हणजे पैसे पंचगंगेत. व्हॉल्व्ह मिळत नाहीत, ट्रान्झिस्टरवाला बिघडत नाही, नवा घेतला की सिग्नल दणक्यात.' आणि खाली फुकटचा सल्ला: 'विकण्याआधी उघडणार असाल तर बंद करून दोन मिनिटं थांबा, कॅपॅसिटर स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करा. ठिणगी पडली की मोकळा.'

शेवटचं आधी घेतो. बाकीच्यानं फक्त खिसा रिकामा होतो.

मामांचा लिनिअर घरी बांधलेला. तीन ८११ए, म्हणजे काचेच्या नळीचे व्हॉल्व्ह, त्यांच्या प्लेटला (आतल्या धातूच्या पत्र्याला) १७०० व्होल्ट, चार्ज साठवणारे २२० मायक्रोफॅरडचे चार कॅपॅसिटर सिरीजमध्ये. हिशेब केला तर जवळपास ८० ज्यूल. दवाखान्यात बंद पडलेल्या हृदयाला शॉक देतात तो साधारण १५० ते २०० ज्यूलचा. इथं त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि शेजारी डॉक्टर नाही. दोन मिनिटांत चार्ज उतरतो तो ब्लीडरमुळं, म्हणजे प्रत्येक कॅपॅसिटरला चार्ज उतरवायला जोडलेल्या रेझिस्टरमुळं. तोच उडाला असेल तर? मी जाऊन झाकण न काढता लिनिअर चालू करून बंद केला. दोन मिनिटं झाली तरी पॅनेलवरच्या मीटरचा काटा ३०० च्या वर. चारांतला एक ब्लीडर जळून कोळसा झालेला निघाला. टेप संपली होती ते बरं झालं, असं मामी म्हणाल्या.

ठिणगीनंतर 'मोकळा' हेही खोटं. शॉर्ट काढला की अशा कॅपॅसिटरवर थोडा व्होल्टेज परत चढतो. अमेरिकन रेडिओ रिले लीगचं हँडबुक १९२६ पासून निघतंय, त्यात पद्धत आहे: इन्सुलेटेड काठीला हूक, हूकपासून जाड वायर चॅसीला, म्हणजे लिनिअरच्या धातूच्या सांगाड्याला. आणि हात आत असेपर्यंत हूक काढायचा नाही. साधा मल्टिमीटरही तिथं खुपसू नका, बहुतेकांची मर्यादा १००० व्होल्ट असते.

आता उरलेलं. ८११ए चीनमध्ये आजही बनतात. ट्रान्झिस्टर बिघडत नाही म्हणे! एसडब्ल्यूआर बिघडला, म्हणजे अँटेनाकडनं पॉवर परत यायला लागली, नि प्रोटेक्शन चुकलं की तो कळायच्या आत जातो. ८११ए बिचारी आधी प्लेट तांबडी करून सांगते. आणि दणका? १०० वॅटवरून ४०० वर गेलं की ६ डीबी (डेसिबल, वाढीचं माप), म्हणजे ऐकणाऱ्याच्या एस-मीटरवर, सिग्नल दाखवणाऱ्या काट्यावर, एक घर. आपल्याकडं हॅमच्या जनरल ग्रेड परवान्याची मर्यादाही ४०० वॅटच. तिथनं ६०० चा नवा घेतला तर दोन डीबीसुद्धा वाढत नाही, वर नियम मोडला तो वेगळाच. तेवढ्या पैशात अँटेना उंच करा की.

एक मान्य करावं लागतं. हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मरच गेला असेल तर मेसेज निम्मा खरा आहे. उद्यमनगरात पंपाची मोटर डोळे झाकून भरून देतील, पण हजार-बाराशे व्होल्टच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन हे वेगळं काम. तसा माणूस हाताशी नसेल तर नवा घ्या.

मामांचा ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होता. पावसाळ्यात रिलेचे (विजेवर चालणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट काळे पडून आउटपुट घसरलेला, एवढंच. ते पुसले, चारही ब्लीडर बदलले.

मेसेज मामांनी डिलीट केलाय. पण त्याआधी साताऱ्याच्या मेव्हण्यांना पाठवून झाला होता, आणि त्यांच्याकडं ८१३ व्हॉल्व्हचा लिनिअर आहे. तिथं २००० व्होल्ट.