राखीव सोफा

परवा जळगावात भर मैफलीत एका स्वयंसेवकाने माझ्या तोंडावर बॅटरी मारली. "साहेब, बोलू नका." बोलत होते शेजारचे काका. मी नुसती उत्तरं देत होतो!

पियानोवादन होतं. आधी अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचं ‘मेटॅमॉर्फोसिस’ (1988), मग जर्मन संगीतकार बाख. त्याआधी अर्थातच सत्कार, शाली, नारळ, आणि ‘वेळेअभावी थोडक्यात’ म्हणून लांबलचक भाषणं. ती उरकून पाहुणे सोफ्यांवरून उठून गेले, तेव्हा कुठे वादन सुरू झालं.

ग्लासचं संगीत म्हणजे मोजके स्वर, तेच पुन्हा पुन्हा, आणि बदल इतका हळू की कान टवकारून बसावं लागतं. काकांनी टवकारले. मग मला कोपराने ढोसलं.

"पान चिकटेल दिसतं त्याचं. उलटवाले माणूस द्या ना कोनी."

"काका, ते तसंच आहे."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. रावेरहून केळीचा भाव. "हां, कार्यक्रमात आहे. नाही, सुरू नाही झाला अजून. पेटी तपासू राहिला तो."

मी हळूच सांगितलं, हा ग्लास माणूस मोठा आहे, चाळिशी उलटेपर्यंत न्यूयॉर्कात टॅक्सी चालवून याने संगीत रचलं.

"मंग गाडी सोडाले नको होती."

इथे मात्र माझं डोकं सटकलं. सप्ताहात तासन्‌तास ‘रामकृष्णहरी’ चालतं, तेव्हा नाही का पान चिकटत? हे जरा मोठ्याने गेलं असावं. बॅटरी तेव्हाची.

मग बाखचा सी मेजर प्रिल्यूड, म्हणजे सुरुवातीला वाजवायची छोटी रचना. म्हटलं, आता काका गार होतील. पण लेकाचा बाखही फितूर निघाला. जवळजवळ शेवटपर्यंत एकच नक्षी, तीही तालाच्या प्रत्येक मापात दोन-दोनदा!

"हे बी तेच?"

"काका, हे 1722 चं आहे."

"तव्हापासून चिकटेल आहे?"

मध्यंतरात काका उठले आणि सरळ पुढच्या सोफ्यावर जाऊन पसरले. कोणी हूं की चूं केलं नाही. माझ्या फायबरच्या खुर्चीचा एक पाय आखूड, म्हणून मीही निघालो. तोच बॅटरीवाला आडवा आला. "राखीव आहे, साहेब." कोणासाठी? पाहुणे एव्हाना घरी भरीत-पुरी खात असतील. तिकीट काढणाऱ्याने डुगडुगायचं आणि फुकट्यांसाठी रिकामे सोफे राखायचे, हे कुठल्या गावचं रसिकत्व? विचारलंच मी त्याला.

सोफ्यावरून काका वळले आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "शूऽऽ!"