‘हाडाचंच तर आहे, थांबेल’

यंदा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापूरला आले होते. होम मैदानावरून परतताना भावाच्या मित्रांत वाद पेटला. एक म्हणाला, “इंग्लंडात गुडघ्यासाठी वर्ष-दोन वर्षं थांबतात वो. आपल्याकडं पैसे भरले की परवा ऑपरेशन.” दुसरा म्हणाला, “पैसे नसलेल्यानं काय करायचं? तिकडच्यासारखं मोफत पाहिजे.” मी इंग्लंडात एक्झेटरला फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून दोघं माझ्याकडे वळले. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही.

मला माझी मावशी आठवत होती. सोलापूरच्या पूर्व भागात राहते, जन्मभर विड्या वळल्या. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या लाटेत, मोरीत घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. रिक्षातून तीन दवाखाने झाले. एकात खाट नव्हती, दुसऱ्यात आधी आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागितला, तिसऱ्याचं ऑपरेशन थिएटर बंद. “हाडाचंच तर आहे, थांबेल,” असं कुणीतरी म्हणालं. ऑपरेशन अकराव्या दिवशी झालं, तोवर पाठीला जखमा पडल्या होत्या. इंग्लंडमध्ये खुब्याच्या फ्रॅक्चरला ३६ तासांत ऑपरेशन करण्याचा निकष आहे, कारण पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया गाठतो, रक्ताच्या गुठळ्या होतात. मावशी वाचली. पण विड्या वळायच्या तर मांडी घालून, सूप पुढ्यात घेऊन बसावं लागतं. ते आता होत नाही.

तेव्हा मावसभावाच्या हातात पैसे होते. मोफत उपचारांची सोयही होती, कारण मे २०२० मध्येच राज्यानं महात्मा फुले जनआरोग्य योजना सगळ्यांना खुली केली होती. दोन्ही असून दार उघडलं नाही.

इंग्लंडनंही दारं लावली होती. १७ मार्च २०२० ला तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायला सांगितलं गेलं. भूलतज्ज्ञ, व्हेंटिलेटर आयसीयूकडे गेले. भीती खोटी नव्हती. त्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये २४ देशांतल्या १,१२८ रुग्णांचा अभ्यास आला. ऑपरेशनच्या आगेमागे कोरोना झालेल्यांपैकी २३.८ टक्के महिन्याभरात दगावले होते. त्यामुळे सुरुवातीला थांबणं मला आजही बरोबर वाटतं. मात्र ते थांबणं लांबतच गेलं. माझ्याकडे असे लोक येतात, ज्यांचा गुडघा बदलून झालाय, पण वाट पाहण्यात मांडीचे स्नायू इतके वाळलेत की जिना चढवत नाही.

तरी एक गोष्ट इंग्लंडमध्ये होती: उपचारांची वाट पाहणाऱ्यांची यादी. २०२३ च्या सप्टेंबरात ती ७७ लाखांवर गेली, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा हाडांच्या रुग्णांचा. सरकारला तो आकडा लपवता आला नाही. आमच्या एक्झेटरमध्ये कोरोनासाठी एका जुन्या दुकानाच्या इमारतीत उभारलेलं नाइटिंगेल रुग्णालय २०२२ मध्ये खुबे-गुडघे बदलण्याचं केंद्र झालं.

मावशीच्या केसपेपरवर दाखल झाल्याची तारीख आहे, पडल्याची नाही. कागदोपत्री तिनं वाट पाहिलीच नाही.

म्हणून भावाच्या मित्रांना माझं सांगणं: मोफत की पैसे, हा वाद चालू द्या, पण पुढची साथ यायच्या आत सोलापुरात दोन गोष्टी मागा. हाडांसाठी एक थिएटर, त्याचा भूलतज्ज्ञ आणि थोड्या खाटा, ज्यांना साथीतही कुणी हात लावणार नाही. आणि एक वही, जिच्यात दारातून परत पाठवलेल्याचंही नाव लिहिलं जाईल. पहिला रकाना, हाड कधी मोडलं.