पाटी

अडतीसशे रुपयांचं पुस्तक आहे. बायकोला मी बाराशे सांगितलंय, आणि बाराशेलाच तिने जे तोंड केलं ते बघता खरं सांगितलं असतं तर मी आणि पुस्तक दोघेही गॅलरीत झोपलो असतो. तर हे असं पुस्तक सोमवारी सकाळी डोंबिवलीहून सुटणाऱ्या फास्टमध्ये चार माणसांनी पत्ते कुटायला पाटी म्हणून वापरलं. आणि मी वापरू दिलं. राग त्यांचा जास्त येतोय की माझा, ते अजून ठरत नाहीये.

पुस्तक कशावर आहे ते थोडक्यात सांगतो, कारण एकतीस पानांच्या पुढचं मलाही माहीत नाही. अमेरिका आणि चीनच्या भांडणात इंडो-पॅसिफिकमधले मधल्या ताकदीचे देश काय करतात, असा विषय. नावात कोलन आहे. ह्या जातीच्या पुस्तकांना तो लागतोच, आधी दोन दणदणीत शब्द, मग कोलन, मग त्या दोन शब्दांबद्दल माफी मागणारं लांबलचक शेपूट. पूर्वी प्रश्नचिन्हंही असायची म्हणे. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ फुकुयामांनी १९८९ मध्ये इतिहास संपला असा लेख लिहिला तेव्हा नावापुढे प्रश्नचिन्ह होतं, १९९२ ला त्याचं पुस्तक झालं आणि चिन्ह गेलं. हंटिंग्टन यांचा संस्कृतींच्या संघर्षावरचा १९९३ चा लेखही प्रश्नचिन्हासकट, आणि १९९६ चं पुस्तक त्याच्याशिवाय. मला वाटतं एकदा जाड पुठ्ठा बांधला की माणसाच्या शंका मिटत असाव्यात.

त्या पुठ्ठ्यानेच घात केला.

मी खिडकीत. शेजारी नाना (सगळे त्यांना नानाच म्हणतात, म्हणून मीही), समोर दोघं, आणि एक तरुण पोरगा चौथ्या सीटवर अर्धा हवेत. त्यांची रोजची पाटी ज्याच्याकडे असते तो भिडू भाचीच्या लग्नाला सांगलीला गेलेला. पत्ते पिसून झाले, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की मांडायचे कशावर. चार जोड्या डोळे डब्यात फिरले आणि माझ्या मांडीवर येऊन थांबले.

"साहेब, ते जरा इकडे द्या."

"वाचतोय मी."

"वाचा की, नाही कोण म्हणतंय? दादरपर्यंत द्या फक्त."

ह्या वाक्याला उत्तर काय द्यायचं असतं ते मला दोन दिवस विचार करूनही सुचलेलं नाही. नानांनी तोवर पुस्तक घेतलंही होतं, कलिंगड घेताना वाजवतात तसं बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं आणि समोरच्यांना म्हणाले, "चालेल. पुठ्ठा चांगलाय." परदेशातल्या विद्यापीठाचं प्रकाशन, छापायच्या आधी दोन अनामिक तज्ज्ञांनी तपासलेलं, आणि तिसरा अभिप्राय कोपर यायच्या आत हा.

मग म्हणाले वरचं कव्हर सरकतंय. काढलं. त्या जॅकेटवर दक्षिण चीन समुद्राचा नकाशा होता, चीन जिच्या आतला समुद्र आपला म्हणतो त्या प्रसिद्ध तुटक रेषेसकट, त्याने समोरच्या गृहस्थांनी आधी वारा घेतला आणि मुंब्र्याच्या सुमाराला त्यावर वडापाव ठेवला. चटणीचा डाग नेमका नाईन-डॅश लाईनच्या आत पडला. हेगच्या लवादाने १२ जुलै २०१६ ला चीनचा त्या रेषेआतल्या ऐतिहासिक हक्काचा दावा फेटाळला, चीनने तो निकालच मानला नाही, आणि समोरच्या गृहस्थांनीही "अहो पुसलं की जातं" म्हणून विषय संपवला.

खेळ मेंढीकोट. बंद हुकूम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक पत्ता उपडा ठेवायचा, त्याचा रंग हुकूम, पण कोणता ते ठेवणारा सोडून कुणालाच माहीत नाही, कुणाकडे उतारीचा रंग संपला की मग तो उघडायचा. तो उपडा पत्ता माझ्या पुस्तकाखाली सरकवला होता. बाकी दश्श्या गोळा करायच्या.

"कथा आहे का?" नानांनी पत्ते लावता लावता विचारलं.

"नाही हो. आंतरराष्ट्रीय राजकारण."

"कितीला पडलं?"

"बाराशे." (आता सवय झालीय.)

"बाराशेत काय म्हणतायत?"

मी पण मूर्ख. कुणी विचारलं की मला राहवत नाही, बी.ए.ला राज्यशास्त्र होतं, आता इन्शुरन्सचे क्लेम तपासतो, त्यामुळे आतमध्ये बरंच साठलेलं असतं. मी सुरू झालो. म्हटलं हेजिंग नावाची कल्पना आहे, लहान देश एका बाजूला पूर्ण जात नाही, दोन्हीकडे थोडं थोडं ठेवतो. व्हिएतनामचं बघा, २०१९ च्या संरक्षण श्वेतपत्रिकेत चार नकार लिहिलेत, लष्करी युती नाही, एकाशी हातमिळवणी करून दुसऱ्याविरुद्ध जाणं नाही, परदेशी तळ नाही, बळाचा वापर किंवा धमकी नाही. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बायडेन हनोईला, डिसेंबरमध्ये शी जिनपिंग, पुढच्या जूनमध्ये पुतिन. नऊ-दहा महिन्यांत तिघेही.

नानांनी बदामची राणी टाकली. "म्हणजे तिघांना चहा पाजला, आणि हुकूम बंदच ठेवला."

मी गप्प झालो. एकतीस पानांत लेखक ह्या जागेपाशी अजून आलेला नव्हता, तो अजून हेजिंगच्या सहा व्याख्या कशा अपुऱ्या आहेत तेच सांगत होता.

"ते लोक ह्याला बांबू डिप्लोमसी म्हणतात," मी जरा सावरून घेतलं. "वाऱ्याबरोबर वाकायचं, मूळ सोडायचं नाही."

"ह्या पोराला विचारा," नाना चौथ्या सीटकडे बोट दाखवून म्हणाले, "ठाण्याला बघा कसा वाकतो ते."

ठाण्याला तो खरंच वाकला. वरून दोन माणसं, एक बॅग आणि एक टिफिन आला, पण सीटवरची चार इंच जागा त्याने सोडली नाही. कौटिल्याचं मंडल आठवलं मला, शेजारी तो शत्रू, शेजाऱ्याच्या पलीकडचा तो मित्र. तीन जणांच्या बाकावर चौथा बसला की हे शास्त्र आपोआप कळतं, नाना माझा श्वास कोंडत होते आणि पलीकडचा माणूस नानांचा, त्यामुळे त्या अनोळखी माणसाबद्दल मला अपार प्रेम वाटत होतं. कंगल्यांनी कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'ची संहिता, भाषांतर आणि अभ्यास असे तीन खंड १९६० ते ६५ मध्ये मुंबई विद्यापीठातून काढले, त्यांनी लोकलने प्रवास केला असणार अशी माझी खात्री आहे, पुरावा नाही.

तेवढ्यात पोरगा म्हणाला, "काका, ट्रम्प म्हणजे इंग्लिशमध्ये हुकूमच ना?"

"हो रे. पण हा हुकूम बंद राहत नाही ना. वाटायच्या आधीच उघडा होऊन बसतो."

सगळा कंपार्टमेंट हसला. मी पण हसलो आणि लगेच वाईट वाटलं, कारण माझ्या पुस्तकात भारत-अमेरिका जवळिकीवर अख्खं प्रकरण आहे, अनुक्रमणिकेत बघितलंय, आणि लेखकाने ते लिहून संपवलं २७ ऑगस्ट २०२५ च्या आधी, म्हणजे आपल्या मालावर पन्नास टक्के टॅरिफ लागू व्हायच्या आधी. आता त्याची चूक नाही. हस्तलिखित देणार, तज्ज्ञ वाचणार, दुरुस्त्या, सूची, छपाई, दीड-दोन वर्षं कुठेच जात नाहीत. पण मग अडतीसशे रुपये घेऊन मला शिळं जग का विकता? हार्डकव्हर म्हणे लायब्ररीसाठी असतं. कुठल्या लायब्ररीसाठी? आमच्याकडच्या वाचनालयात ह्या विषयाच्या कपाटात सोव्हिएत युनियन अजून शाबूत आहे. स्वस्त पेपरबॅक वर्ष-दीड वर्षाने येणार, तोवर आणखी दोन करार मोडलेले असणार. वर २०१९ पासून बाहेरून येणाऱ्या पुस्तकांवर पाच टक्के कस्टम ड्युटी. म्हणजे आमच्याच समुद्राबद्दल, आमच्याच शेजाऱ्यांबद्दल लिहिणार, आणि आम्हालाच परवडणार नाही. आणि लिहितात तरी कसं! रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकर, म्हणजे युरोपातले व्यापारी, हे बाकीच्या सावकारांसारखे नव्हेत, असं सरळ लिहून ठेवलंय. तीनशे वर्षांपूर्वी. आजच्या माणसाला तेवढ्यासाठी चार प्रकरणं आणि साठ पानं तळटीपा लागतात.

हे सगळं मी मनात म्हणत होतो, कारण तोंडाने म्हणायला जागा नव्हती.

कुर्ला गेलं. मी म्हटलं, "नाना, दादर येतंय, पुस्तक."

"एक हात राहिलाय."

"मला उतरायचंय."

"अहो चौथी दश्शी आहे साहेब! मेंढीकोट होतोय!"

समोरच्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून माझ्याने पुस्तक ओढवेना. माटुंगा गेलं. दादर आलं, दादर उतरलं, दादर चढलं, मी उभा, बॅग खांद्याला, आणि इस्पिकची दश्शी अजून नानांच्या हातात. कोट झाला. टाळ्या पडल्या, एकाने तर माझ्या पाठीवर थाप मारली. मी भायखळ्याला उतरलो, उलटी स्लो पकडून दादरला आलो, ऑफिसात लेट मार्क. तिथे पुस्तक उघडलं तर शेवटच्या कोऱ्या पानावर निळ्या बॉलपेनने दोन रकाने, 'आ' आणि 'तु'. 'आ' खाली सात काड्या, 'तु' खाली चार, आणि 'आ'च्या शेवटी एक मोठा गोल, तो बहुतेक कोटाचा.

रात्री पुस्तकाला प्लास्टिकचं कव्हर घातलं, जाड, न सरकणारं, मुलीच्या शाळेच्या वह्यांचं उरलेलं. बायकोने विचारलं कशाला, म्हटलं धूळ बसते. मंगळवारी तीच गाडी, तीच खिडकी. नाना आले, बसले, पत्ते काढले. मी पुस्तक मिटून जरा त्यांच्या बाजूला सरकवलं.

"आज नको," नाना म्हणाले, "पाटी आली. वाचा तुम्ही निवांत."