शेजारच्या देशात कारखाना टाकताय? आधी बाहेर पडायचं कलम वाचा

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, मालदीव यांपैकी कुठे युनिट टाकायच्या गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं: "एवढासा देश तो, आपल्याला काय करणार? दिल्ली बसलीय ना मागे!"

माझं मत नेमकं उलट आहे. यजमान देश जितका लहान आणि आपला देश जितका मोठा, तितकं आपल्या सरकारला एका कंपनीसाठी हात पिरगाळणं अवघड जातं. मोठ्या देशाला शेजारी टिकवायचा असतो. तुमचा कारखाना त्या हिशेबात किरकोळ खर्चात जातो.

मालदीवचं प्रकरण नीट बघा. जून २०१० मध्ये आपली जीएमआर कंपनी (७७ टक्के) आणि मलेशिया एअरपोर्ट्स (२३ टक्के) यांनी मालेचा विमानतळ २५ वर्षांसाठी घेतला. प्रकल्प सुमारे ५१ कोटी डॉलरचा. परदेशी जाणाऱ्या प्रवाशामागे २५ डॉलर विकास शुल्क उत्पन्नात धरलेलं. माशी तिथेच शिंकली. डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या दिवाणी न्यायालयाने सांगितलं की संसदेच्या मंजुरीशिवाय हे शुल्क घेता येणार नाही. मग राष्ट्राध्यक्ष नशीद यांच्या सरकारने तोडगा काढला: बुडालेलं शुल्क कंपनीने सरकारला द्यायच्या रकमेतून वळतं करावं. कागदावर सगळं ठीक. पण फेब्रुवारी २०१२ मध्ये नशीद पायउतार झाले आणि नव्या सरकारला दिसलं ते एवढंच, की विमानतळ आपला, तो चालवतंय कुणी दुसरं आणि आपल्या हाती येणारा पैसा आटलाय. कराराच्या विरोधकांना याहून सोपा मुद्दा काय हवा!

२७ नोव्हेंबर २०१२ ला मंत्रिमंडळाने करार मुळातच रद्दबातल ठरवला आणि सात दिवसांत जागा सोडायला सांगितलं. वाद झाला तर तो सिंगापुरात लवादापुढे, म्हणजे करारानुसार नेमलेल्या पंचांपुढे, सोडवायचा होता, म्हणून कंपनीने सिंगापूरच्या उच्च न्यायालयातून मनाई हुकूम आणला. ६ डिसेंबरला तिथल्याच अपील न्यायालयाने तो उठवला. तर्क असा, की नुकसान पैशात मोजता येतं, मग ते लवादात मोजा. सार्वभौम सरकारला स्वतःचा विमानतळ ताब्यात घेण्यापासून आम्ही रोखणार नाही. पुढच्या दोन दिवसांत ताबा गेला.

हे नीट लक्षात घ्या. परदेशातलं लवादाचं कलम तुम्हाला पैसे मिळवून देऊ शकतं, मालमत्ता परत मिळेल हे विसरा.

आता पैशाचं. जून २०१४ मध्ये लवादाने करार वैध होता आणि तोडणं चुकीचं होतं असा निकाल दिला. कंपनीची मागणी ८० कोटी डॉलरची, उरलेल्या वर्षांचा नफा धरून. हातात आले २०१६ च्या अखेरीस सुमारे २७ कोटी. का? सरकारने लोकहितासाठी करार संपवला तर काय द्यायचं, हे करारात आधीच लिहिलेलं होतं आणि लवादाने भरपाई तिथे बांधली: कर्ज, घातलेलं भांडवल, त्यावर १७ टक्के परतावा आणि बाहेर पडण्याचा व दाव्याचा खर्च. उरलेल्या वर्षांचा नफा गेला. तरीही इथे वसुली झाली हे विशेष. ती झाली कारण करारात सरकारी विमानतळ कंपनीसोबत मालदीव सरकारचं अर्थ खातंही बांधलेलं होतं. समोर नुसतं महामंडळ असतं आणि त्याच्या खात्यात खडखडाट असता, तर निकालाची फ्रेम करून भिंतीवर लावावी लागली असती.

आणि दिल्ली? नाराजी कळवली, संबंध ताणले गेले. २०१४ मध्ये त्याच विमानतळाच्या विस्ताराचं काम चिनी कंपनीकडे गेलं. त्याच डिसेंबरात मालेचा समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आगीमुळे बंद पडला, तेव्हा भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोचवलं. "काय हा बोटचेपेपणा" म्हणणारे तेव्हाही होते. मला ते शहाणपणाचं वाटतं. समुद्रातल्या त्या जागेची किंमत २७ कोटी डॉलरमध्ये होत नाही.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. १ मे २००६ ला बोलिव्हियात मोरालेस सरकारने वायूक्षेत्रांवर सैनिक पाठवले आणि परदेशी कंपन्यांना नव्या करारासाठी १८० दिवस दिले. सगळ्यात मोठा फटका शेजारच्या ब्राझीलच्या सरकारी तेल कंपनीला, पेट्रोब्रासला. ब्राझील किती पटींनी मोठा! पण त्याच्या वापरातला निम्म्याच्या आसपास वायू बोलिव्हियाच्या पाइपलाइनने येत होता. साव पावलोचे कारखाने बंद पडू द्यायचे की कंपनीची बाजू घ्यायची? ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला यांनी बोलिव्हियाचा हक्क मान्य करून बोलणी धरली आणि ऑक्टोबरअखेर नवे करार झाले. नंतर पेट्रोब्रासच्या दोन रिफायनऱ्यांची पाळी आली. मे २००७ मध्ये त्यांच्या मालाच्या निर्यातीचा हक्क आधी सरकारी कंपनीकडे घेतला. नफ्याची नस अशी दाबली, मग किमतीची बोलणी. सौदा ११ कोटी २० लाख डॉलरला ठरला, पेट्रोब्रासला हवा होता त्यापेक्षा बराच कमी.

हा क्रम पाठ करा. कुलूप शेवटी लागतं. त्याआधी परवान्याचं नूतनीकरण लांबतं, तुमच्या लोकांचे व्हिसा अडतात, जुने कर-निर्धारण पुन्हा उघडतात, विक्री एका सरकारी खिडकीतूनच करायची अट येते. प्रत्येक पावलाला वेगळं कायदेशीर कारण असतं, म्हणून "जप्ती" कुठल्या तारखेला झाली हे सिद्ध करताना वकिलांच्याही नाकी नऊ येतात.

मेक्सिकोने १८ मार्च १९३८ ला परदेशी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या, तेव्हाही हेच. कंपन्या म्हणत, जमिनीखालच्या तेलाचीही किंमत द्या. मेक्सिको म्हणे, तेल आमचंच, यंत्रांचे पैसे घ्या. युद्ध दाराशी आलं, अमेरिकेला शेजारी आपल्या बाजूला हवा होता, आणि १९४२ मध्ये दोन्ही सरकारांच्या तज्ज्ञांनी अमेरिकी कंपन्यांसाठी सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर ठरवले. ब्रह्मदेशातल्या भारतीयांना तेवढंही नशीब नव्हतं. फेब्रुवारी १९६३ मध्ये बँका, मार्च १९६४ पासून दुकानं आणि व्यापार सरकारजमा, मे १९६४ मध्ये ५० आणि १०० क्यातच्या नोटा रद्द. सुमारे ३ लाख भारतीय जवळपास रिकाम्या हातांनी परतले. त्यांच्याकडे कसलं आलंय लवादाचं कलम?

नवी मुंबईच्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नाही खरं तर. सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हाचा दर आणि १९८४ च्या जासईच्या आंदोलनानंतर मिळालेले साडेबारा टक्के विकसित भूखंड यांत फरक कायद्याच्या पुस्तकाने पाडला नाही. आणि यजमान आपणही आहोतच: न्हावा-शेव्याला दुबई आणि सिंगापूरच्या कंपन्यांची टर्मिनलं उभी आहेत, तीही मुदतीच्या करारावर.

मग करायचं काय? करार करताना समोर सरकार किंवा त्याची हमी असलीच पाहिजे. लवादाचं ठिकाण तिसऱ्या देशात, लागू कायदा त्या देशाचा नसलेला. करार संपवल्यास द्यायच्या रकमेचं सूत्र आकड्यांत, डॉलरमध्ये, विलंबाच्या व्याजासह. "योग्य भरपाई" असे शब्द दिसले की पेन खाली ठेवा. एखादं शुल्क तुमच्या उत्पन्नाचा कणा असेल, तर त्याला संसदेची मंजुरी मिळाल्यावरच पहिला हप्ता पाठवायचा.

देशादेशांतल्या करारांवर विसंबू नका. २०१६-१७ मध्ये भारताने गुंतवणूक संरक्षणाचे बहुतेक जुने करार संपवायच्या नोटिसा दिल्या. श्रीलंकेबरोबरचा गेला, बांगलादेशचा राहिला. अशा करारांच्या २०१६ च्या नव्या नमुन्यात तर लवादाआधी पाच वर्षं स्थानिक न्यायालयांत घालवायची अट आहे. याचा विम्यावरही परिणाम होतो. ईसीजीसी या केंद्र सरकारच्या निर्यात पतविमा कंपनीचा परदेशी गुंतवणुकीचा विमा जप्ती, युद्ध आणि पैसे बाहेर नेण्यावरची बंदी यांसाठी आहे, पण असा द्विपक्षीय करार असला तर बरं अशी त्यांची अपेक्षा असते. नसेल तर तिथले कायदे पुरेसे आहेत का हे ते तपासतात. जागतिक बँक गटातली गुंतवणूक हमी संस्था मिगा भांडवलाच्या ९० टक्क्यांपर्यंत विमा देते. दोन्हीकडे अर्ज पैसे पाठवायच्या आधी. घर पेटल्यावर पॉलिसी कुणी देत नाही.

रिझर्व्ह बँकेची बाजूही सांभाळा. बँकेमार्फत परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म एफसी, त्या युनिटला मिळणारा युनिक नंबर, एकूण बांधिलकी (गुंतवणूक, कर्ज, हमी मिळून) कंपनीच्या निव्वळ मालमत्तेच्या ४०० टक्क्यांच्या आत आणि दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत वार्षिक अहवाल. तो थकला की पुढचा पैसा पाठवणं अडतं, आणि वादाच्या काळात वकिलाची फी भागवायला नेमका तोच पैसा लागतो.

राहता राहिली बिलं. जुनी मशिनरी भांडवल म्हणून न्हावा-शेव्यावरून पाठवताना तिकडची ड्युटी वाचवायला किंमत कमी दाखवायची सवय आपल्याकडे आहे. ४० लाखांचं मशीन १५ लाखांना दाखवलं, तर भरपाईच्या वेळी समोरचा वकील तेच शिपिंग बिल टेबलावर ठेवतो आणि तुमचं भांडवल १५ लाख ठरतं. चार्टर्ड इंजिनियरचा दाखला खऱ्या किमतीचा घ्या, ड्युटी भरा, आणि बिलं, बँकेचे कागद, बोर्डाचे ठराव यांचा पूर्ण संच इकडच्या ऑफिसात ठेवा. तिकडच्या ऑफिसला कुलूप लागल्यावर कपाटाची किल्ली तुमच्याकडे नसते.