जोसेफ बँक्सवर आरोप आहेत, पण हे नव्हेत

झाडापानांची आवड असलेल्या आमच्या जवळजवळ प्रत्येक गटात सध्या जोसेफ बँक्सवरची एक पोस्ट फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: हा अठराव्या शतकातला गर्भश्रीमंत इंग्रज. पैसे मोजून त्याने कॅप्टन कुकच्या जहाजावर जागा मिळवली, काम नोकरांकडून करून घेतलं, आयुष्यात काही लिहिलं नाही, राजाची मर्जी सांभाळत ४१ वर्षं रॉयल सोसायटी या लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेचं अध्यक्षपद अडवून बसला आणि चीनमधून चहा चोरून भारतात आणला. तेव्हा असल्या माणसाला निसर्गशास्त्रज्ञ म्हणणं बंद करा.

मला बँक्सची वकिली करायची नाही. त्याच्यावर ठेवण्यासारखे आरोप आहेत आणि ते गंभीर आहेत. पण पोस्टमध्ये नेमके तेच नाहीत, आणि जे आहेत ते टिकत नाहीत.

आधी पैशाचं. पैसा होता, भरपूर होता. १७४३चा जन्म, १७६१मध्ये वडील गेले, आणि एकविसाव्या वर्षी लिंकनशरमधली रेव्हस्बीची जमीनदारी हाती आली. वर्षाचं उत्पन्न सुमारे ६,००० पौंड. या पैशाचं त्याने काय केलं ते पाहा. तो शिकत होता त्या ऑक्सफर्डमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, पण शिकवत नव्हते. बँक्सने केंब्रिजहून इस्राएल लायन्स या वनस्पतिशास्त्रज्ञाला स्वखर्चाने आणलं आणि वर्ग सुरू करवले. १७६६मध्ये, त्याच्यासारख्या श्रीमंत घरांतली मुलं इटली-फ्रान्सच्या सहली करत होती तेव्हा, तो न्यूफाउंडलंड आणि लाब्राडोरच्या थंडीत झाडं गोळा करत होता. म्हणजे १७६८मध्ये कुकच्या ‘एन्डेव्हर’ जहाजावर चढला तेव्हा तो नवखा हौशी नव्हता. जागा पैशामुळे मिळाली, हे मान्यच आहे. पण त्या जागेवर बसून तीन वर्षं काढणं विकत मिळत नाही. जानेवारी १७६९मध्ये, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला तिएरा देल फुएगोच्या डोंगरावर झाडं शोधायला गेलेली त्याची तुकडी बर्फात अडकली. थॉमस रिचमंड आणि जॉर्ज डॉर्ल्टन हे त्याचे दोन नोकर एका रात्रीत गारठून मेले. स्वतःला धरून त्याच्या पथकात नऊ जण होते, परत आले चार.

काम नोकरांनी केलं, नाव त्याने लावलं, हा दुसरा आरोप. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण ज्यांनी कधी नमुने वाळवलेले नाहीत त्यांनाच हे काम सोपं वाटतं. मी आंबोलीच्या पावसात ते केलं आहे. टीपकागद दिवसातून दोनदा बदलला नाही तर तिसऱ्या दिवशी पानावर बुरशीची पांढरी लव दिसते आणि चौथ्या दिवशी नमुना टाकून द्यावा लागतो. आता ३ मे १७७०ची बँक्सची रोजनिशी वाचा. ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा, जहाज ज्या उपसागरात उभं होतं त्याला पुढे ‘बॉटनी बे’ नाव पडलं. झाडं इतकी साठली होती की कागदातच कुजायची भीती. त्याने वाळवणाचा सगळा कागद, जवळजवळ २०० दस्ते, किनाऱ्यावर नेला, शिडाचं कापड वाळूत अंथरलं, त्यावर कागद पसरले आणि दिवसभर उन्हात ते परत परत उलटत बसला. ज्या दस्त्यांत झाडं होती त्यांची आतली बाजू बाहेर काढून उन्हाला दाखवत होता. संध्याकाळी सगळं जहाजावर आणलं तेव्हा नमुने चांगल्या स्थितीत होते, अशी नोंद आहे. (त्यातले बरेच कागद म्हणजे एका महाकाव्यावरच्या टीकालेखांचे छापील पण न बांधलेले ताव होते. ते आजही लंडनच्या संग्रहात आहेत.) सफरीअखेर ३०,०००च्या वर नमुने परत आले. त्यात सुमारे १,४०० जाती युरोपातल्या शास्त्राला नव्या होत्या.

हे एकट्याचं काम नव्हतं. स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस याचा शिष्य डॅनिएल सोलांडर त्याच्या शेजारी बसून वर्णनं लिहीत होता. सिडनी पार्किन्सन या तरुण चित्रकाराने नऊशेच्या वर चित्रं काढली. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर तर झाडं इतक्या वेगाने येत होती की तो फक्त रेखाटन करून एका पानापुरता रंग भरायचा आणि बाकीचे रंग शब्दांत लिहून ठेवायचा. जानेवारी १७७१मध्ये, बटाव्हिया (आजचं जकार्ता) सोडल्यावर तो जहाजावरच वारला. पार्किन्सनचं नाव बँक्सच्या बरोबरीने घेतलं जावं, असं माझं ठाम मत आहे. पण म्हणून बँक्स रिकामा बसला होता, हे खोटं.

आता ‘काही लिहिलं नाही’. यात थोडं तथ्य आहे. त्या सफरीच्या वनस्पतींचे ७४३ ताम्रपट त्याने स्वतःच्या खर्चाने कोरून घेतले, पार्किन्सनची अर्धवट चित्रं दुसऱ्या चित्रकारांकडून पुरी करून घेतली, आणि ग्रंथ छापलाच नाही. १७८२मध्ये सोलांडर गेला आणि काम थंडावलं. ही चूक मोठी आहे. त्या जातींपैकी कितीतरी पुढे इतरांनी आपापल्या नावाने प्रसिद्ध केल्या. रोजनिशीचं तर वेगळंच झालं. १७७३मध्ये सफरीचा अधिकृत वृत्तांत निघाला, त्यात संपादक हॉक्सवर्थने बँक्सच्या नोंदी कुकच्या नोंदींत मिसळून सगळं कुकच्या तोंडी घातलं. लोकांनी बँक्सला वाचलं, पण बँक्स म्हणून नाही.

आणि १८०५ची पुस्तिका? गव्हावरच्या तांबेऱ्याविषयी त्याने लिहिलेली छोटी पुस्तिका मला त्याच्या सगळ्या कामात सर्वांत आवडते. १८०४मध्ये इंग्लंडच्या गव्हावर तांबेरा भयंकर पडला होता. लंडनजवळच्या क्यू इथल्या राजाच्या वनस्पतिबागेतल्या फ्रान्झ बाउअर या चित्रकाराने सूक्ष्मदर्शकाखाली बघून काढलेली चित्रं बँक्सने पुस्तिकेत दिली आणि सांगितलं, की ही बुरशी आहे, तिची बारीक बीजं ताटाच्या रंध्रांतून आत शिरतात. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत होते की बांधावर बार्बेरीचं झुडूप असलं की गहू तांबेऱ्याने जातो. (बार्बेरी म्हणजे आपल्या दारुहळदीचं जवळचं भावंड.) शिकलेले लोक याला अडाणी समजूत मानत. बँक्सने उलट विचारलं: बार्बेरीवरची बुरशी आणि गव्हावरची बुरशी एकच असेल, आणि तिचं बी इकडून तिकडे जात असेल, असं का नाही? जर्मनीत आंतोन द बारीने हे प्रयोगाने सिद्ध केलं १८६५मध्ये, साठ वर्षांनी.

त्याच पुस्तिकेत अजून एक गोष्ट आहे. सर्वांत खराब, सुरकुतलेल्या गव्हाचे ८० दाणे त्याने कुंड्यांत पेरून बघितले, ७२ उगवले. म्हणजे तांबेऱ्याने पोसला न गेलेला दाणा खायला वाईट असला तरी पेरायला चालतो, चांगला गहू बियाण्यात घालवू नका. टंचाईच्या वर्षी शेतकऱ्याला हे सांगणारा माणूस निसर्गशास्त्रज्ञ नाही, तर मग कोण आहे?

राजाची मर्जी आणि अध्यक्षपद. तिसऱ्या जॉर्जशी त्याची मैत्री होती, आणि अध्यक्ष म्हणून तो हेकट होता. १७८३-८४मध्ये चार्ल्स हटन या गणितज्ञाला त्याने सोसायटीच्या चिटणीसपदावरून घालवलं तेव्हा गणितवाल्यांनी बंड केलं, आणि त्यांची तक्रार रास्त होती. पण पद अडवून बसणारा माणूस सोहो चौकातल्या ३२ नंबरच्या घरातला ग्रंथसंग्रह आणि वनस्पतिसंग्रह कामाच्या माणसाला खुला ठेवत नाही. डिसेंबर १७८३मध्ये त्याच घरी न्याहारीच्या वेळी स्वीडनहून पत्र आलं: लिनिअसचा सगळा संग्रह एक हजार गिनींना विकायचा आहे. बँक्सला ती रक्कम जड नव्हती. त्याने पत्र समोर बसलेल्या जेम्स एडवर्ड स्मिथ या चोवीस वर्षांच्या मुलाच्या हाती दिलं आणि म्हणाला, तू घे. स्मिथने वडिलांकडून पैसे आणून संग्रह घेतला, आणि १७८८मध्ये त्यातून लिनियन सोसायटी उभी राहिली. नावाला हपापलेला माणूस असं करत नाही.

१७९६ची गोष्ट तर याहून मोठी. इंग्लंड आणि फ्रान्स लढत होते. लाबिलार्दिएर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचा ऑस्ट्रेलियाकडचा सगळा संग्रह इंग्रजांच्या हाती लागला होता आणि राणी शार्लटकडे जायच्या बेतात होता. त्यात बँक्सने स्वतः न छापलेल्या प्रदेशातलीच झाडं होती. त्याने मंत्र्यांशी आणि राजवाड्याशी बोलून तो संग्रह जसाच्या तसा पॅरिसला परत पाठवला. राजाची मर्जी त्याने अशा कामाला वापरली.

चहाचा मुद्दा दोन ओळींचा आहे. १७८८मध्ये त्याने ईस्ट इंडिया कंपनीला सुचवलं की बिहार, रंगपूर, कूचबिहार भागात चिनी चहा लावून बघावा. सुचवलं, एवढंच. आसामातल्या रानचहाची माहिती रॉबर्ट ब्रूसला लागली १८२३मध्ये, बँक्स १८२०मध्येच वारला होता. आणि चीनमधून छुप्या रीतीने रोपं आणणारा रॉबर्ट फॉर्च्यून हा १८४८ नंतरचा माणूस.

चोरीच शोधायची असेल तर ती आपल्या दारात आहे. १७८७मध्ये बँक्सने आंतोन पांतालेओन होवे या पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञाला मुंबईला पाठवलं. सांगायचं काम: क्यूच्या बागेसाठी झाडं जमवणं. खरं काम: गुजरातच्या उत्तम कापसाचं बी गुपचूप मिळवणं, वेस्ट इंडीजमधल्या इंग्रज मळेवाल्यांसाठी. होवेची रोजनिशी १८५५मध्ये मुंबईतच छापली गेली आणि तिच्या नावात गुजरात, काठेवाडबरोबर कोकणही आहे. पोस्ट लिहिणाऱ्याला हे सापडलं नाही.

त्याला नीरफणसही सापडला नाही. कोकणात आपण ज्याची कापं करतो तो. ताहितीहून त्याची रोपं वेस्ट इंडीजला न्यायची योजना बँक्सने आखली, जहाजावर कुंड्या कशा ठेवायच्या इथपर्यंतच्या सूचना दिल्या. १७८९मध्ये खलाशांनी केलेल्या बंडामुळे ‘बाउंटी’ची पहिली खेप बुडाली, १७९३मध्ये ‘प्रॉव्हिडन्स’ने दुसरी पोचवली. हेतू एकच: मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोटभर खायला घालणं, म्हणजे मळे चालू राहतील. गुलामी योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्या बारीकसारीक सूचनांत कुठेच येत नाही.

आणि सर्वांत जड आरोप पुन्हा त्याच किनाऱ्यावरचा, जिथे त्याने कागद वाळवले. १७७९मध्ये कैद्यांची वसाहत कुठे करावी हे ठरवणाऱ्या संसदेच्या समितीपुढे त्याने बॉटनी बेचं नाव सुचवलं. त्या सगळ्या परिसरात पन्नासच्या वर माणसं नसतील, त्यांच्याकडून विरोधाची फारशी शक्यता नाही, असं सांगितलं. ‘एन्डेव्हर’चे लोक २९ एप्रिल १७७०ला तिथे उतरायला गेले तेव्हा होड्यांत तीस-चाळीस जण होते आणि किनाऱ्यावर तिथल्या मूळ रहिवासी ग्वीगल लोकांपैकी दोन पुरुष भाले घेऊन वाट अडवून उभे होते. बंदुका झाडल्या तरी ते लगेच हटले नाहीत. हे बँक्सच्या स्वतःच्या रोजनिशीत आहे, कागद उन्हात घातल्याच्या नोंदीच्या काहीच दिवस आधी.