फुगे खेळवून लुटतात म्हणे! लकव्याच्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

मामांना लकवा झालाय, त्यांना धुळ्याच्या थेरपी सेंटरला नेतात. परवा मामीचा फोन. "मंगळवारपासून यांना धुळ्याला पाठवत नाही रे, पोरं म्हणी राहिले ती सगळी लूट आहे." कोणती लूट विचारलं तर मेसेज पुढे ढकलला. तोच, पंधरा दिवसात माझ्याकडे तीन ग्रुपवर येऊन गेलेला, वर लाल दिवे लावलेला. म्हणणं थोडक्यात असं: लकव्याच्या पेशंटला सेंटरमध्ये फुगे, पत्ते, चेंडू खेळवून पैसे उकळतात, मोठ्या माणसाला पोरखेळ खेळवला की तो मनातून खचतो, खरी थेरपी मशीननेच होते, लकव्यात पूर्ण विश्रांती लागते, सहा महिन्यांनंतर काही सुधारत नसतं, आणि शेवटी खास उपाय, कबुतराचं गरम रक्त सात दिवस चोळा. खाली "एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला". डॉक्टरचं नाव नाही, गाव नाही.

इतके दिवस वाचून सोडत होतो. आता घरातच आलंय तर बोलतो.

कबुतर आधी उरकतो. लकवा हातापायात होत नाही भो, मेंदूत होतो. तिथली रक्तवाहिनी बंद पडते नाहीतर फुटते, आणि त्या भागाच्या ताब्यातला हातपाय लुळा पडतो. मग बाहेरून कबुतराचं चोळा नाहीतर मोराचं, ते मेंदूपर्यंत पोचणार कुठून? चोळल्याने जरा गरम वाटतं, ते तिळाच्या तेलानेही वाटतं. नुकसान वेगळंच आहे. वाहिनी गुठळीने बंद पडली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देतात, आणि आपल्याकडे तेवढा वेळ कबुतर पकडण्यात जातो. आमच्याच गल्लीत झालंय हे, जास्त लिहीत नाही.

आता पोरखेळ. यावर मात्र मी सगळ्यात जास्त चिडलोय, कारण मामा आधी स्वतःच हेच म्हणायचे. उभा जन्म कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावर घालवलेला माणूस, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि समोर सेंटरमधली थेरपी देणारी एक पोरगी रंगीत फुगा घेऊन उभी. मामांनी तोंड फिरवलं. मलाही तेव्हा वाटलं हे काय चाललंय. मग त्या पोरीनेच समजावलं, फुगा हळू येतो, म्हणून अडखळत्या हाताला त्याच्यापर्यंत पोचायला वेळ मिळतो, तो कधी डावीकडून येतो कधी उजवीकडून म्हणून कंबरेतून वळावं लागतं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं. "हात वर करा, दहा वेळा" म्हटलं तर मामा तिसऱ्याला थांबायचे, फुग्याच्या नादात चाळीस वेळा हात उचलायचे आणि पडायची भीतीही विसरायचे. आणि मेंदूला दुसरा रस्ता पाडायचा तर तीच हालचाल शेकडो वेळा व्हावी लागते. ती कंटाळून होत नाही.

पत्त्यांचंही तसंच. तिथे मेंढीकोट खेळतात, चौघं लागतात म्हणून चौघं पेशंट. कपडे धुवायचा ब्रश उलटा ठेवायचा, त्याच्या दातांत पत्ते खोचायचे, आणि लुळ्या हाताच्या चिमटीने एकेक पान ओढून टाकायचं. बोटांचा व्यायाम झाला, कोणता हुकूम, कोणाकडे दस्सा, ही डोक्याचीही कसरत झाली, आणि समोरचा भिडू वाट बघतोय म्हणून टाळताही येत नाही. घरी एकट्याने चिमटीत मणी उचलायला सांगितलेलं, मामांनी तीन दिवसात डबी भिंतीवर फेकली होती. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावच्या गाव पत्ते कुटत बसतं, तेव्हा कोणाला तो पोरखेळ वाटत नाही!

आणि बोलणं. लकव्यानंतर मामांचा पहिला धड शब्द त्या डावात निघाला, भिडूने हुकूम वाया घालवला म्हणून हाणलेली शिवी. मामी लाजेने लाल झाली. पण वाचा गेलेल्या माणसाच्या शिव्या, आकडे, पाठ असलेली भजनं पुष्कळदा शाबूत असतात, बाकीची भाषा अडली तरी. म्हणून तिथे शुक्रवारी भजन असतं. भजनाने वाचा परत येते असं मी म्हणत नाही, तोंड उघडायची लाज मात्र जाते.

मशीनवाल्या मुद्द्यावर एकच गोष्ट पुरे. २०१६ साली 'द लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या नावाजलेल्या मासिकात चार देशांतल्या १४ सेंटरचा अभ्यास आला, पेशंट १४१, सगळ्यांना लकवा होऊन तीन महिन्यांच्या आतले. नेहमीची थेरपी सगळ्यांना चालूच होती, त्यावर निम्म्यांना निन्टेन्डो वी या व्हिडिओ गेमच्या मशीनवर खेळवलं आणि निम्म्यांना पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळे, चेंडू असले साधे खेळ दिले. दोन आठवड्यात दहा वेळा, एकेक तास. हात दोन्हीकडे सुधारले आणि मशीन काही पुढे गेलं नाही. म्हणजे फॉरवर्डवाल्याला जे लुटीचं साधन वाटतं ते साधा स्वस्त पत्त्यांचा जोड आहे, आणि त्याला जी खरी थेरपी वाटते तिची किंमत विचारून बघा एकदा. चालण्याचं म्हणाल तर गटाने, एकेका टप्प्यावर फिरत केलेल्या सरावावर २०१७ ची कॉक्रेनची, म्हणजे जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेची, पाहणी आहे, १७ अभ्यास मिळून १२९७ पेशंट, चालण्यात फायदा दिसला.

विश्रांतीच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. पहिल्या २४ तासात पेशंटला वारंवार उठवून जोरात व्यायाम करायला लावणं बरं नाही, २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात त्याने उलट निकाल बिघडले. पण तो पहिला दिवस झाला. त्यानंतर महिनोन्महिने खाटेवर ठेवलं तर खांदा आखडतो, बोटांची मूठ बसते, पाठीला जखमा होतात, पायात गुठळ्या होतात. मामांच्या शेजारच्या खाटेवरचे जिभाऊ असेच "आराम" करून आलेले, हात छातीशी चिकटलेला, कुडता घालताना दोघं लागतात.

सहा महिन्यांचं काय, वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो हे खरं, पण नंतर दार बंद होतं असं नाही. सरावाने हळूहळू पडतो फरक.

राहिले पैसे. इथे मात्र काही सेंटर नावं ठेवण्यासारखी आहेतच. एका ठिकाणी मामांच्या हातात रंगीत खडू देऊन पोरगं मोबाईल बघत बसलेलं मी पाहिलंय, वर "शाब्बास बाळा" म्हणत होतं. सत्तरीच्या माणसाला बाळा! तिथून आम्ही दुसऱ्या दिवशी उठलो. हा खेळ कशासाठी, कोणत्या हालचालीसाठी, हे विचारा, सांगता आलं नाही तर पैसे देऊ नका. आणि पेशंटला त्याच्या ओळखीचं काम द्या, आमच्या सेंटरमध्ये बायकांच्या टेबलावर कापसाच्या वाती वळतात, शेंगा सोलतात, गप्पा मारतात. मामीला तेच बघायला आवडतं, खरं तर तीही दोन वाती वळते.

हे सगळं मी घरच्या ग्रुपवर टाकलं. पोरांनी अंगठा दाखवला, बाकी काही नाही. मामी म्हणाली, "तू ये मंगळवारी, गाडीत बसायला यांना धरावं लागतं." मामांनी मागून काहीतरी म्हटलं, मला "ब्रश" एवढंच कळलं. सेंटरमधला तुटलाय, घरून न्यायचाय.