‘थंडी वाजली तर म्हातारी माणसं सांगतातच’ – नाही, सांगत नाहीत

हिवाळा आला की वृद्धांच्या काळजीचा एक मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: थंडी वाजली तर ती माणसं सांगतातच, रात्री खिडक्या घट्ट लावून खोलीत शेगडी ठेवा, झोपताना ब्रँडीचा घोट द्या, रात्री उठावं लागू नये म्हणून पाणी कमी द्या, हातपाय गार पडले तर जोरात चोळा. पाठवणारे मायेनंच पाठवतात. पण ऊब वाटणं वेगळं आणि अंगात ऊब असणं वेगळं, हा फरकच त्यात हरवला आहे.

पहिलंच वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण आमच्या घरानं त्यावर विश्वास ठेवला होता. आजी म्हणायची, “मला नाही गं थंडी वाजत.” एका संध्याकाळी तिचे शब्द जड यायला लागले, ब्लाउजचं बटण लावता येईना. आम्ही म्हटलं, वय झालं, झोप आली असेल. पोटाला हात लावला तेव्हा ते गार होतं. ती बरी झाली, पण ते तास आम्ही उगाच घालवले.

वय वाढतं तशी गारव्याची जाणीवच बोथट होते. स्नायू झडलेले असतात, त्यामुळे कुडकुडून उष्णता तयार करणंही नीट जमत नाही. कातडीखालच्या रक्तवाहिन्या वेळेवर आकसत नाहीत आणि अंगातली ऊब बाहेर जात राहते. थायरॉइडचं काम मंद असेल किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर धोका आणखी वाढतो. शरीराचं आतलं तापमान 35 अंश सेल्सिअसच्या, म्हणजे 95 फॅरनहाइटच्या खाली उतरलं की तो हायपोथर्मिया. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. 16-18 अंशांच्या खोलीत तासन्‌तास एका जागी बसलेल्या अशक्त माणसालाही तो होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये थंडीच्या दिवसांत घरात किमान 18 अंश तापमान असावं असं सुचवलं आणि वृद्धांना त्याहून जास्त लागू शकतं, असंही नमूद केलं. म्हणून विचारत बसू नका, खोलीत तापमापक टांगा आणि तो बघा.

शेगडीचा सल्ला तर जीवघेणा आहे. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही इथे फसवतं: कार्बन मोनॉक्साइडनं भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजननं भरलेलंच दिसतं, आकडा छान येतो. शेगडी झोपायच्या खोलीत नकोच. विजेचा हीटर चालेल, पण पांघरुणापासून निदान तीन फूट लांब.

ब्रँडीनं कातडीकडे रक्त धावतं, म्हणून गरम वाटतं. आतली उष्णता मात्र त्याच वाटेनं निघून जाते. वर तोल जातो तो वेगळाच.

पाण्याचं थोडं समजून घ्यायला हवं. रात्री उठताना पडण्याची भीती खरी आहे. पण थंडीत लघवी जास्त होते आणि म्हातारपणी तहान कमी लागते. त्यात पाणी तोडलं तर बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, चक्कर हे सगळं मागे लागतं. दिवसभर पाणी द्या, फक्त झोपण्याआधीचे दोन तास कमी करा. संडासच्या वाटेवर दिवा लावून ठेवा. पायात मोजे असतील तर तळव्याला रबर असलेले.

आणि चोळणं. अंग खरंच थंड पडलं असेल तर हातपाय चोळू नका. तिथलं गार रक्त हृदयाकडे गेलं तर ठोके बिघडू शकतात. ओले कपडे काढा, आडवं झोपवा, छाती-पोट आधी पांघरुणात घ्या, डोकं झाका. पूर्ण शुद्धीवर असतील तर कोमट, गोड काहीतरी पाजा. गरम पाण्याची पिशवी थेट कातडीवर ठेवू नका. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील तर भाजलेलंही कळत नाही.

ताप बघताना एक लक्षात ठेवा: काचेचा जुना थर्मामीटर साधारण 94 फॅरनहाइटपासूनच सुरू होतो, त्याखालचं तो दाखवतच नाही. पारा तळाशीच राहिला, पोट गार लागलं आणि बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखान्यात न्या.